कळव्याच्या मातीत किती आणे?

लोकल कळवा सोडून ठाण्याकडे निघते, खाडी लागते, दारातला एखादा हात कपाळाकडे जातो आणि एक नाणं गजांमधून खाली पाण्यात पडतं. खाडीला नमस्कार आणि एक रुपया. आता समजा, खाली कोणी दोरीला लोहचुंबक बांधून बसलं आहे. तो रुपया वर येईल?

नाणं कोणत्या सालचं आहे, त्यावर ते ठरेल! १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला आणि हे पोलाद चुंबकाला झटकन चिकटतं. त्याआधीचा, म्हणजे १९७५ ते १९९१ मधला रुपया तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचा. तो चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्याही आधीचा, १९५० नंतरचा शुद्ध निकेलचा रुपया मात्र पुन्हा चिकटतो. नाशिकच्या रामकुंडावर मुलं पाण्यात चुंबक सोडून नाणी काढतात, त्यांना मिळतो तो बहुतेक आपल्याच काळातला गल्ला. सोनं, चांदी आणि तांबं या तिन्हींना लोहचुंबक ओळखत नाही. शिवराई, चांदीचा राणीछाप रुपया, वसई-ठाण्याकडच्या पोर्तुगीज अमदानीतलं एखादं नाणं हे सगळं चुंबकाच्या खालून निवांत सुटतं. त्यांच्यासाठी कान असलेलं यंत्र लागतं.

तबकडी काय ऐकते?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला ठाणे स्टेशनच्या दारातली चौकट आठवते. नाणी शोधायचं यंत्र त्याच घराण्यातलं, फक्त काठीला लावलेलं. खालच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवते. खाली धातू असेल तर त्यात विजेचे छोटे भोवरे उठतात आणि ते आपलं स्वतःचं क्षेत्र परत पाठवतात. दुसरं वेटोळं ते टिपतं आणि कानात आवाज येतो. चांदी-तांब्याचा सूर उंच, लोखंडाचा घोगरा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. त्याखाली पुरलेला हंडा मोठा असला तर कळेल, एकटं नाणं नाही.

या यंत्राचा पूर्वज टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये घाईघाईने तयार केला. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन गेला, पण आवाज सगळीकडूनच येऊ लागला. गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांनी त्याला एकाच बाजूने शोधू दिलं. गारफील्ड सप्टेंबरमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसाट्स्कीने हातात धरून चालवता येणारं सुरुंगशोधक यंत्र बनवलं आणि ते १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात वापरलं गेलं. आज ज्या यंत्राने लोक नाणी शोधतात, त्याच्या अशा दोन आज्या, एक रुग्णाच्या खाटेजवळची आणि एक रणांगणावरची.

बागेत सगळ्यात श्रीमंत जागा कोणती?

झोपाळ्याखालची. जगभरचे नाणेशोधक सार्वजनिक बागेत शिरले की आधी झोपाळा, मग घसरगुंडी, मग बाकं धरतात. पोर उलटं लटकलं की खिसा रिकामा होतो, यात कळवा आणि लंडन एकच. खारेगावात काय किंवा मनीषानगरात काय, संध्याकाळी आजोबा जिथे टेकतात आणि जिथे गोळेवाल्याची गाडी लागते, तिथल्या मातीत सुट्टे पैसे मुरलेच पाहिजेत.

पण त्याआधी कान किटतील ते बाटलीच्या बिल्ल्यांनी, खिळ्यांनी, गोळ्यांच्या पाकिटांनी आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीने. यंत्राला सोन्याची बारीक अंगठी आणि पाकिटातला चुरगळलेला चंदेरी कागद जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून जो कचरा उपसायला कंटाळतो, त्याला अंगठी मिळत नाही.

शिवाय कळव्याची जमीन यंत्राला सोपी नाही. पारसिकचा डोंगर काळ्या बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजं असतात, त्यामुळे नुसती माती आणि खडीसुद्धा यंत्रात बोलते. दुसऱ्या बाजूला खाडी. खारा चिखल वीज वाहून नेतो, म्हणून तोही खोटा आवाज काढतो. साधं यंत्र अशा किनाऱ्यावर सारखं कुरकुरतं. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रं त्यातून वाट काढतात.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. बागेतली माती पुष्कळदा तिथली नसतेच. भराव कुठून तरी येतो, वर लाल माती ट्रकने येते, मग हिरवळ. त्या मातीत एखादं जुनं नाणं निघालं तर ते कळव्याचं की शेकडो वर्षं दुसऱ्याच गावच्या शेतात पडून राहिलेलं, हे कोण सांगणार?

खिशातून पडलेला इतिहास

तरी समजा, सूर उंच लागला आणि नाणंच निघालं. काय काय असू शकेल?

मला सगळ्यात आवडतो तो भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७. महायुद्धात तांबं महाग झालं, म्हणून सरकारने पैशाच्या मधोमध गोल भोक पाडलं आणि नाण्याचं वजन आधीच्या निम्म्याहून कमी केलं. लोकांनी तो दोऱ्यात ओवला, पोरांच्या करगोट्यात बांधला, आणि नळाला वायसर लागला तर तोही याच पैशाचा केला. कळव्याच्या एखाद्या जुन्या चाळीच्या पायात तो आजही सापडू शकेल.

त्याच्या आधीचा मोठा, हाताला जड लागणारा तांब्याचा ढब्बू, म्हणजे दोन पैसे. मग चवली, पावली, अधेली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ ला हे सगळं गणित बदललं आणि शंभर ‘नये पैसे’ आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे! दुकानदार, बसचे कंडक्टर, पोस्टातले कारकून सगळ्यांच्या हाताशी तक्ते होते. ‘नया’ हा शब्द नाण्यावरून १९६४ मध्ये गेला.

साठ-सत्तरच्या दशकातली ॲल्युमिनियमची चिल्लर आठवते? चौकोनी पाच पैसे, पाकळ्यांच्या कडेचे दहा पैसे, षट्कोनी तीन पैसे. ही नाणी हलकी, आणि खाऱ्या चिखलात ॲल्युमिनियमला खड्डे पडून ती झिजत जातात. म्हणजे खाडीकाठी पन्नास वर्षांपूर्वीचे दहा पैसे ओळखू येणार नाहीत, पण अडीचशे वर्षांपूर्वीची तांब्याची शिवराई हिरवा थर पांघरून ओळखीची राहील. चांदी काळी पडते. सोनं होतं तसंच निघतं.

चांदीच्या रुपयाची एक गंमत. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया चालू केला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा! रुपया हेच वजन होतं. सोनाराच्या तराजूत रुपया टाकला की तोळा मोजला जाई, आणि वैद्याच्या काढ्यात ‘रुपयाभार’ सुंठ पडे. आजीच्या मसाल्याच्या वहीत हा रुपयाभार अजून सापडेल. घरात अशी वही असेल तर जपून ठेवा.

आणि शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. दहा-बारा ग्रॅम तांबं, ना राजाचा चेहरा, ना दागदागिने, फक्त देवनागरी अक्षरं. राज्याभिषेकाच्या काळात सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही पडत राहिलं. गावोगावच्या टांकसाळींत साचे कोरणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घ आपापल्या कानाप्रमाणे घातले, म्हणून अक्षरांचे किती तरी नमुने मिळतात. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. शिवराई इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. तांब्याचं एवढंसं नाणं, पण राज्य गेल्यावरही लोकांनी ते टाकलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

खाडीपलीकडे काय निघालं होतं?

कळव्याच्या पुलावरून ठाण्यात उतरलं की जवळच मध्यवर्ती तुरुंगाची भिंत दिसते. तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी. पुढे १७८७ मध्ये किल्ल्यात पायासाठी खोदताना ताम्रपट निघाला. शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७. दुसऱ्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात त्याचा अनुवाद छापून आला. भारतातल्या जुन्या लेखांचा अभ्यास जेमतेम सुरू होत होता, त्या पहिल्यावहिल्या पानांत ठाणे आहे. श्रीस्थानक, म्हणजेच ठाणे, हे शिलाहारांचं मोठं नगर, आणि समोरचा कळव्याचा किनारा त्याच खाडीवरचा. त्यांच्या काळात उत्तर कोकणात ‘गधैया’ चालत. इराणच्या जुन्या राजाच्या मुखवट्याची पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत होत शेवटी फक्त ठिपके आणि रेघा उरल्या, ती ही चांदीची बुटकी नाणी. शिलाहार छित्तराजाच्या नावाचीही अशी नाणी मिळाली आहेत.

जरा पुढे सोपाऱ्याला चला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकलला. दगडी करंडकात एकात एक डब्या, बुद्धाच्या छोट्या मूर्ती, आणि त्यांच्याबरोबर एक चांदीचं नाणं, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं. त्या एका नाण्याने करंडकाच्या काळाचा एक धागा हाती दिला. हेच नाणं बाजारात सुटं मिळालं असतं तर ते फक्त एक सातवाहन नाणं राहिलं असतं.

एका मडक्याने दोन राजांचं भांडण सांगितलं

या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट जोगळटेंभीची. सिन्नर तालुक्यात, गोदावरी-दारणेच्या संगमाजवळचं गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी. सगळी क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या!

पण यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसराच ठसा होता. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, त्याची नाणी गोळा केली आणि वितळवण्याऐवजी त्यांच्यावरच आपली चिन्हं मारली, तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाची मोहोर! नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचं लिहिलं आहे. आता त्या वाक्याच्या बाजूने हजारो चांदीचे साक्षीदार उभे राहिले.

हे कळलं कशामुळे? सगळी नाणी एकत्र होती म्हणून. साधारण तीनात दोन नाण्यांवर नवा ठसा, एकावर नाही, हे प्रमाण साठा एकत्र मोजल्याशिवाय निघत नाही. दहा जणांनी ती दहा घरी नेली असती, चांदी वितळवली असती, तर आपल्या इतिहासाचं एक पान कोरं राहिलं असतं. म्हणून नाण्याशोधाची हौस असणाऱ्याला मी एकच गोष्ट कळकळीने सांगेन: नाणं उचलण्याआधी जागेचा फोटो काढा. किती खोल, शेजारी काय, खापर आहे का, राख आहे का. आणि दुसरं नाणं दिसलं तर हात थांबवा.

असाच एक मोठा साठा १९४६ मध्ये भरतपूर संस्थानात बयाणाजवळ निघाला. शिकारीनंतर रिकामी काडतुसं वेचणाऱ्या पोरांना तांब्याचं भांडं लागलं. आत गुप्त राजांची सोन्याची नाणी. काही वाटेत गेली, तरी १,८२१ वाचली. त्यांची सूची केली ती आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी, १९५४ मध्ये. गुप्तांच्या नाण्यांवर बोलायचं तर आजही ते पुस्तक उघडावं लागतं.

दहा रुपयांचा कायदा

इथे थोडं सावध वाचा. आपल्याकडे बागेत यंत्र फिरवून खणायला सुरुवात केली तर दोन अडचणी येतात. बाग महापालिकेची, त्यामुळे परवानगीशिवाय हिरवळीत खुरपंसुद्धा घालता येत नाही. आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत तर पुरातत्त्व खात्याच्या परवान्याविना खोदकाम करणं हा गुन्हाच आहे.

दुसरी अडचण १८७८ च्या निखात निधी कायद्याची. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे आणि कधी, हे सगळं. त्या काळी दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी, म्हणजे सुमारे १०७ ग्रॅम शुद्ध चांदी! कायद्यात मर्यादा तीच राहिली, रुपया मात्र वडापावच्याही खाली गेला.

कळवल्यावर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. कोणी मालक पुढे आला नाही आणि वस्तू शंभर वर्षांहून आधी पुरलेली ठरली, तर वाटणीत आपसात काही ठरलं नसल्यास शोधणाऱ्याला पाऊण आणि जमिनीच्या मालकाला पाव हिस्सा. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. म्हणजे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचं नुकसान नाही. लपवणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि हिस्साही जातो.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला हेच घडलं. चिखलीत बांधकामाच्या खोदाईत सोन्याची नाणी निघाली, ती घरी नेली गेली, आणि पोलिसांनी १८व्या शतकातली २१६ नाणी ताब्यात घेतली. जमिनीत ती कशी ठेवली होती, भांडं कसं बसवलं होतं, हे आता कायमचं हरवलं. मजुरांना तरी दोष का द्यावा? खोदाईच्या जागेवर ‘काही सापडलं तर इथे सांगा, तुमचा हिस्सा मिळेल’ असा एक फलक त्यांच्या भाषेत लावायला काय हरकत आहे? कळव्यात, खारेगावात, विटाव्यात सारख्या इमारती उभ्या राहतात आणि प्रत्येकीचा पाया मीटर-दीड मीटरहून कितीतरी खाली जातो. आपल्या भागात जुनं काही निघणार असेल तर ते छंदिष्टाच्या यंत्रापेक्षा जेसीबीच्या तोंडीच आधी लागेल.

इंग्लंडमध्ये लोकांना सांगायची सवय लागली आहे. १९९२ मध्ये सफोकच्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. यंत्रवाला मित्र एरिक लॉज तो शोधायला गेला आणि १४,८६५ रोमन नाणी सापडली. त्याने थोडं खणलं, आवाज वाढतोय बघून थांबला आणि सरळ कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी आख्खा साठा जागच्या जागी उकलला. हातोडाही मिळाला आणि तो नाण्यांबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेला!

पितांबरी लांब ठेवा

जुनं नाणं मिळालं की आपल्या घरात पहिला हात चिंचेकडे जातो. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, नाहीतर दात घासायची पेस्ट. कृपा करून थांबा. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हे नाण्याचं कवच आहे. ते घासलं की बारीक अक्षरं जातात आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही कोसळते. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, सावलीत सुकवा, कडेला धरून उचला. बस.

यंत्राविना शोधणाऱ्यांचाही मान ठेवायला हवा. मुंबईच्या झवेरी बाजारात घमेलेवाले पहाटे दुकानांसमोरची धूळ आणि गटारातला गाळ घमेल्यात धुऊन सोन्याचे कण काढतात. सोनाराच्या राखेतून सोनं काढणारे झारेकरी तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी, पावसाने उघडं पडलेलं मणी, नाणी, खापरं असं सारं जमा केलं. त्यातून गावातच संग्रहालय उभं राहिलं. पहिल्या जोरदार पावसानंतर उतारावर खाली बघत चालणं ही शोधाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात निर्मळ पद्धत.

आणि हात लावून नाही, पण डोळे भरून नाणी बघायची असतील तर कळव्याहून सोय उत्तम आहे. बहुतेक फास्ट लोकल कळव्याला थांबत नाहीत, म्हणून स्लो पकडा आणि सीएसएमटीला उतरा. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. २००४ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते सुरू झालं. दोन दिवसांची सवड असेल तर नाशिकला जा. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी भारतीय मुद्रा संशोधन संस्था आहे, १९८० मध्ये स्थापन झालेली. तिथल्या संग्रहालयात नाणी कशी पाडत तेही कळतं. मुलांना बरोबर न्या आणि घरच्या डब्यातला भोकाचा पैसाही घ्या.